सासरे फिरवून काढलेलं वय

वेधशाळेच्या एका खोलीत, एकाच टेबलाशी समोरासमोर बसून वहिनी आणि तिची नणंद ताऱ्यांची वयं काढत. घरी भांडायला वेळ पुरेना म्हणून दोघींनी एकच नोकरी धरली, असं शिपाई सांगे.

रीत सोपी. तारा तरुणपणी गरगर फिरतो, वय चढलं की मंदावतो. त्याच्या अंगावरचा काळा डाग समोर आला की उजेड किंचित उतरतो. दोन उतारांमधले दिवस मोजले की वयाचा अंदाज येतो.

वहिनीच्या ताऱ्याचा उजेड दर बारा दिवसांनी उतरत होता.

"शंभर कोटी वर्षांचं पोर," नणंद म्हणाली. "मिसरूड फुटायचंय अजून."

वहिनीने घड्याळाकडे पाहिलं. तरुण तारे भारी चुळबुळे. त्यांच्याभोवतीचे ग्रह धड दिसू देत नाहीत. म्हणून ग्रह शोधायला मोठी दुर्बीण फक्त म्हाताऱ्या ताऱ्यांसाठी मिळे, आणि ती कोणाला द्यायची हे साहेब आज दुपारीच ठरवणार होते.

"वन्सं, डाग दोन असले तर? एक पुढे, एक पाठीमागे. म्हणजे फेरी चोवीस दिवसांची, आणि फेरी दुप्पट तर वय चौपट."

"असले तर! आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं."

तेवढ्यात सासरे लेकीचा विसरलेला चष्मा घेऊन आले. डोक्याला चकचकीत टक्कल, दोन्ही कानांवर कलप लावलेले काळे झुबके. वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मामंजी, जरा खुर्चीत बसता?"

त्यांच्या चेहऱ्याला पांढरा टॉवेल गुंडाळला, कारण ताऱ्याला नाक नसतं. समोर उजेड मोजायचं यंत्र ठेवलं आणि नणंदेनेच खुर्ची फिरवली.

"पोरी, हळू! बाप आहे मी."

दर झुबक्याला उजेड उतरे, म्हणून यंत्राने एका फेरीच्या दोन फेऱ्या मोजल्या. शिवाय उजवा झुबका जास्त काळा, कारण डाव्या कानापर्यंत सासऱ्यांचा हात नीट पोचत नसे. त्यामुळे एक उतार खोल, एक उथळ.

नणंदेने ताऱ्याचे आकडे पुन्हा काढले. खोल, उथळ. खोल, उथळ.

साहेब आले. "हे कोण?"

"माझे वडील," नणंद म्हणाली. "वहिनीचा तारा चारशे कोटींचा आहे. म्हातारा. चूक माझी."

दुर्बीण वहिनीला मिळाली. अडचण सासऱ्यांची झाली. यंत्राच्या हिशेबाने आपण दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे अजून तरुण आहोत, हे ऐकल्यावर ते उतरायलाच तयार होईनात. शेवटी त्यांना खुर्चीसकट घरी न्यावं लागलं. खुर्चीला चाकं होती म्हणून बरं.