गौताळ्यात तुटलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी पाठपिशवी आहे. शहागंजातल्या फकिरा शिंप्यानं ताडपत्रीच्या जाड कापडातून मला शिवलं, तेव्हा माझा रंग हिरवा होता. आता तो कुठला म्हणावा, हे माझं मलाच सांगता येत नाही.

पुंडलिकनगरच्या कारभारीअण्णांनी मला घेतलं. अण्णा कचेरीत कारकून होते आणि सुट्टी आली की मला पाठीवर टाकून एकटेच डोंगरात जायचे. "मजबूत पिशवी आहे हो," असं कुणी म्हटलं की मी फुगून जायची. पुढं अण्णांना बढती मिळाली, काम वाढलं आणि मी माळ्यावर पडले. तिथं उंदरानं माझा उजवा पट्टा कुरतडला.

निवृत्त झाल्यावर अण्णांना घरात बसवेना. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. एका चैत्रातल्या सकाळी त्यांनी मला खाली काढलं. पट्ट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "आजच्याला चालतंय." बायकोला, साळूबाईंना, "कन्नडला जाऊन येतो," एवढंच सांगून ते एसटीत बसले. कन्नडच्या पुढं गौताळ्याच्या डोंगरात शिरणार हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

अर्ध्या चढावर पायवाट वाळल्या गवतात हरवली. अण्णा काही थांबेनात. एका घळीत उतरले, परत चढले, दुसरीत शिरले. त्यांचा घाम माझ्यात मुरत होता. आता बसतील, आता बसतील, असं मला सारखं वाटत होतं.

कड्याजवळ माझा पट्टा तुटला. मी एकदम एका बाजूला लोंबकळले, तसा अण्णांचा तोल गेला. ते खडकावर आपटले, घोटा मुरगळला. पाण्याची बाटली माझ्यातून निसटली आणि दरीत गेली. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मला पोटाशी धरून अण्णा सरकत सरकत एका पळसाखाली आले. हाका मारून घसा बसला. सावली हलली की तेही तिच्यामागं सरकायचे. "साळू मला शोधील तरी कुठं?" ते पुटपुटले.

ऊन कललं तेव्हा शेळ्यांच्या घंटा वाजल्या. शेळ्यांमागून सखूबाई नावाची धनगरीण आली. तिनं आधी आपल्या डब्यातलं पाणी त्यांना घोट घोट पाजलं.

"एकलेच आले का?"

"व्हय."

"घरी ठावं हाय?"

"नाय."

डोईचं फडकं सोडून तिनं घोटा आवळून बांधला.

"पिशवी राहू द्या इथंच," अण्णा म्हणाले. "तुटकी हाय, उगं ओझं."

माझ्या जिवाचं पाणी झालं. सखूबाईनं मला उचलून पट्टा निरखला. "उंदरानं खाल्लाय की ह्यो. तिचा काय दोष? तुमी बघितला नसंल."

"बघितला होता," अण्णा म्हणाले.

मग सखूबाईनं मला डोक्यावर घेतलं, अण्णांना खांदा दिला आणि दिवस मावळायच्या आत आम्हांला डांबरी रस्त्याला आणून जीपमध्ये बसवलं. दुसऱ्या दिवशी साळूबाई दाभण घेऊन बसल्या. एकेक टाका त्या इतका ओढून घेत होत्या की त्यांचा राग मला कळत होता.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना बोलता येत नाही. शिवण उसवली की आम्ही ती दाखवतो, एवढंच. ती दिसली तर कामाला लावण्याआधी दोन टाके घाला. आणि डोंगरात निघताना एका माणसाला तरी खरी वाट सांगून जा. आजवर मी पुष्कळ ओझी वाहिली. त्या दुपारी मात्र मी जवळजवळ रिकामी होते, तरी तेवढी जड कधीच झाले नव्हते. कारण आम्ही कुठं आहोत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.