इनेझबायची पानवेल

साहेब, ती वेल तुम्ही मारलीत. उन्हाने नाही, किडीने नाही. तुम्ही.

कुठली वेल, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार! नायगावच्या खाडीकाठी इनेझबायची वाडी आहे. नवरा पॉल वारला, पोरगा बोटीवर गेला तो परतलाच नाही. पानमळा मोडला, त्यातली एकच पानवेल विहिरीजवळच्या पोफळीवर उरली. तीच म्हातारीची सोबत. सकाळी विहिरीचं पाणी घालायची, नवा शेंडा केळीच्या वाळक्या सोपटाने अलगद बांधायची, आणि संध्याकाळी रोझरीची प्रार्थना आटोपली की बुंध्याशी बसून राहायची. गप्प. पानमळ्याची रीत म्हणून वहाणा कुडाबाहेर काढल्याशिवाय मलासुद्धा जवळ येऊ द्यायची नाही.

शेजारची लुसी कुडावरून डिवचायची, "अगो इनेझ, पॉल होता तवा त्याच्याजवळ एवढी बसली नाहीस!"

"तो बडबड करायचा गो," इनेझबाय म्हणायची.

आता तुमचं ऐका. खाडीच्या बांधाला उघाडी आहे, पाणी सोडायचं-अडवायचं दार. ती आमचा गाव सांभाळायचा. उधाणाआधी घरटी एक माणूस जायचा, फळ्या बसवायचा, चिखल लिंपायचा. गोरा साहेब गेला, तुम्ही आलात. उघाडी सरकारी झाली म्हणालात आणि कुलूप ठोकलंत. हात लावील तो आत जाईल. बरं. मग खालची फळी कुजली ती कोणी बदलायची? मी कचेरीत येऊन ओरडलो. "मंजुरी येऊ दे," म्हणालात, आणि बशीत चहा ओतलात.

पौर्णिमेच्या उधाणाला खाडी आत शिरली, वाडीच्या विहिरीत उतरली. कुणाला कळलं नाही, कारण ते पाणी कुणी पीत नाही; पिण्याचं चर्चजवळच्या विहिरीवरून येतं. पानांच्या कडा करपल्या. इनेझबायला वाटलं, ऊन लागलं. तिने जास्त पाणी घातलं. आणखी करपली, आणखी घातलं.

शेवटी मला हाक मारली. "सायमन, बघ रे, कितीबी पानी दिलं तरी तहानलेलीच."

मी पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं आणि थुंकलो. मीठ.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हंजे मीच पाजलं?"

मी पोहरा कुडाबाहेर उपडा केला.

तेव्हापासून चर्चजवळून तिला पिण्याची घागर मी आणून देतो. काल बघतो तर तिचे ओठ फुटलेले. आत गेलो, माठ कोरडा.

"इनेझबाय, हे काय?"

"माझं भागतं रे. तिला कोन देनार?"

वेल वरून वाळली आहे. मुळाजवळचं एक पेर तेवढं हिरवं आहे. अमावास्येला पुन्हा उधाण येणार. मी आणखी एक घागर आणू शकतो, खाडी थोपवू शकत नाही. थोपवायला गेलो तर तुरुंगही तुमचाच.

म्हणून विचारतो, साहेब. अमावास्येआधी फळी बसवता, की कुलूप काढता? मंजुरी, वरिष्ठ, चौकशी, यातलं काही नको. बोला.