कपाटामागची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. लोणावळ्याच्या एका लहानशा रुग्णालयात, बायकांच्या खोलीत माझे आयुष्य गेले.

१९६१ साली बाजारातल्या फकरुद्दीन पेंटरने मला निळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या. आपल्याला काय झाले आहे हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. शस्त्रक्रियेचा कागद त्याला वाचून दाखवावा. समजल्याशिवाय कोणी अंगठा देऊ नये. तक्रार असल्यास मोठ्या डॉक्टरांना भेटावे. अशी पाटी प्रत्येक खोलीत लावा, असा वरून हुकूम आला होता.

वर्षभर मी सर्वांसमोर होते. मग औषधांचे लाकडी कपाट आले. त्याला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून ते माझ्यापुढेच उभे केले. तपासणीच्या दिवशी दोघे जण ते ओढून बाजूला करीत. साहेब वहीत ‘पाटी आहे’ असे लिहीत. ते गेले की कपाट पुन्हा जागेवर. त्या एका दिवसाचा मला फार अभिमान वाटे. आता त्याची लाज वाटते.

१९६७ साली कार्ल्याच्या वरच्या वाडीतून सावित्राबाई आली. गवत कापताना पायाला विळा लागला होता आणि जखम चिघळली होती. आठव्या दिवशी कारकून सीताराम तिच्यापुढे कागद घेऊन आला.

“बाई, इथं अंगठा लावा.”

“काय हाय कागदात?”

“नेहमीचाच कागद आहे. लावा लवकर, डॉक्टर खोळंबलेत.”

तिने अंगठा लावला. मी चार हातांवर होते, पण कपाटाच्या पाठीकडे तोंड करून.

शुद्धीवर आल्यावर तिने चादरीवरून हात फिरवला. उजवा पाय घोट्याच्या वर संपला होता. दोन दिवसांनी मेहमुदा नर्स पट्टी बदलत असताना ती हळूच म्हणाली, “सिस्टर, कापायचा व्हता तर सांगायचं व्हतं. मी न्हाई म्हनले नसते. पन एकदा त्याच्याकडं नीट बघून घेतलं असतं.”

मेहमुदाचा हात थांबला. पट्टी पुरी करून ती तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांना खोलीत घेऊन आली.

“पाय ठेवला असता तर बाई वाचली नसती,” डॉक्टर म्हणाले.

“खरं आहे, साहेब. पण हे तिला कोणी सांगितलं?”

“पाटी लावलेली आहे ना?”

“आहे. त्या कपाटामागे.”

डॉक्टरांनी वाकून कपाटामागे पाहिले. मग सावित्राबाईच्या खाटेपाशी जाऊन म्हणाले, “बाई, आमचं चुकलं.” त्याच दुपारी कपाट हलले.

मला वाटले, आता सगळे ठीक झाले. सावित्राबाई माझ्याकडे पाहत होती.

“ह्ये निळं काय हाय?”

“तुमचे हक्क लिहिलेत, मावशी,” मेहमुदा म्हणाली.

“मला कुटं वाचाया येतंय?”

मित्रांनो, कपाटाने मला झाकले तेव्हाही इतके वाईट वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहानंतर मेहमुदा मला मोठ्याने वाचू लागली. काही बायका ऐकत, काही डुलक्या घेत. सावित्राबाई मात्र ओठ हलवीत प्रत्येक ओळ पाठ करी.

पंधरा दिवसांनी कुसगावची झुंबरबाई पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आली. सीताराम कागद घेऊन उभा राहिला. तिने अंगठा पुढे केला, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

“थांब गं. आदी वाचाया सांग.”

सीतारामने सावित्राबाईकडे पाहिले आणि मान खाली घातली. मग तो स्टुलावर बसला आणि सावकाश पूर्ण कागद वाचला.

“डोकीवर वझं कवा घ्यायचं मग?” झुंबरबाईने विचारले.

त्याला ठाऊक नव्हते. तो उठून डॉक्टरांना विचारून आला. “तीन महिने नाही.” तिने थोडा विचार केला, हात पुसला आणि स्वतःच अंगठा लावला.

मित्रांनो, माझा रंग आता उडाला आहे. मला पुसून ठेवलेत तर बरेच वाटेल. पण कोणापुढे असा कागद आला आणि तुम्ही जवळ असलात, तर तो त्याला मोठ्याने वाचून दाखवा. मग “समजलं का?” असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.