कुंकू लावलेली ठासणी

मित्रांनो, भरमाच्या घरात चुलीतले निखारे सारायला एक काळवंडलेली कांब ठेवलेली असते, ती मी. दोन हात लांब, अंगठ्याएवढी जाड, एक टोक चेचून चपटं झालेलं. मला बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण मी अस्सल तांब्याची आहे. आणि आयुष्यभर माझं काम विस्तवापासून लांब राहण्याचं होतं.

शहापुरातल्या एका तांबटानं मला घडवलं, त्याला आता पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. पहिली कितीतरी वर्षं मी खानापूरकडच्या दगडाच्या खाणीत काढली. तिथं रेल्वेसाठी खडी निघे. कातळात भोक पाडायचं, त्यात दारू भरायची, वात सोडायची, वर माती घालायची आणि ती माती ठासून घट्ट बसवायची. हे ठासण्याचं काम माझं, म्हणून मी ठासणी. तिथं लोखंड चालत नाही. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी उडते, आणि ठिणगी दारूला भेटली की पुढचं कुणाच्या हातात राहत नाही. तांबं ठिणगी पाडत नाही. एवढाच काय तो माझा गुण, पण त्या गुणावर माणसांचे डोळे शाबूत राहत होते.

खाणीतला जोतिबा मिस्त्री हातपाय थकल्यावर गावी निघाला, तेव्हा त्यानं मला त्याच्या हाताखाली काम शिकलेल्या भरमाच्या हातात दिलं. म्हणाला, "बायकूला घरात ठिऊन कामाला जा, पर हिला ठिऊन जाऊ नगंस."

भरमा पुढं आपल्या उचगावात आला आणि विहिरींचे सुरुंग लावू लागला. मोजक्या शब्दांचा माणूस, पण ठासताना माझ्याशी बोलायचा. हळू गं, हळू, असं म्हणत ठासायचा. गावागावांत माझं नाव झालं. भरमाची ठासणी लागली की पाणी लागतंच, असं बायका पाणवठ्यावर बोलायच्या. पाणी खालीच होतं, मित्रांनो, त्यात माझं काही नव्हतं. पण कौतुक कुणाला नको असतं?

आता त्या दिवसाचं सांगते. तेरा वर्षं झाली, तरी सांगताना माझं तांबं तापतं.

गावातले मोठे जमीनदार मारुतीराव यांच्या मळ्यात विहीर चालली होती. काम संपेपर्यंत भरमाचं बिऱ्हाड मळ्यातच खोप घालून राहिलं होतं. भरमा, त्याची बायको मालुबाई आणि त्याची आई नागुबाई. खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे तुम्हाला माहीत आहे. नागुबाईनं मला चिंचेनं घासून लख्ख केलं, हातोडा, छिन्नी आणि पहारीशेजारी पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याचं सोनं वाटल्याशिवाय उचलायचं नाही, ही तिच्या घरची रीत. मला तेव्हा फार बरं वाटलं. मूर्ख होते मी.

दुपारी मारुतीराव दारात आले. दसऱ्याला निपाणीहून त्यांचे व्याही यायचे होते आणि त्यांच्यासमोर गंगापूजन करायचं होतं. काल पाडलेलं भोक तयारच आहे, एकच सुरुंग उडव, पाणी दिसेल, असा त्यांचा आग्रह होता. भरमानं आज हत्यार बंद असल्याचं सांगितलं. ते हटले नाहीत. तेव्हा भरमाचा हात माझ्याकडे आला. मला त्याची बोटं लागणार, एवढ्यात नागुबाईनं त्याचं मनगट धरलं.

"वाहिलेल्या हत्याराला हात लावू नगं. घरात इगीन ईल."

"मग नगं लावू की," मारुतीराव म्हणाले. "माझी पहार घे. ती काय पूजेला बसल्याली न्हाय."

बसलेली नव्हतीच. ज्यांची हत्यारं दुसऱ्यांच्या हातांनी चालतात, त्यांना पूजेची आठवण जरा कमीच राहते.

लोखंडानं ठासायचं नाही, हे भरमाला ठाऊक होतं. बाभळीची काठी तासून घेतो, तिनं ठासतो, असं तो म्हणालासुद्धा. "तासंस्तवर दिवस मावळंल," असं म्हणून मारुतीरावांनी पहार त्याच्या हातात दिली. भरमा एकदा माझ्याकडे बघून निघून गेला.

मी पाटावर होते. अंगावर फूल होतं. धमाका झाला तेव्हा ते फूल खाली पडलं.

त्याला उचलून खोपीत आणलं. तोंड काळं झालेलं, भुवया जळलेल्या, डाव्या डोळ्यात दगडाची कपची रुतलेली. उजवा नुसता लाल होता. मग जो तो मदतीला धावला. एकानं कपची चिमटीनं ओढायला बघितली. एकीनं बाळंतिणीचं दूध आणून डोळ्यात घातलं. एकानं डोळा चोळून आतली माती काढायची खटपट केली. शेवटी धोतराची पट्टी फाडून करकचून आवळली. सगळी मायेची माणसं होती हो. म्हणूनच माझा राग कुणावर काढावा ते मला कळत नाही.

एकावर काढावा हे मात्र कळतं. चौथ्या दिवशी मारुतीराव समाचाराला आले आणि दहा माणसांत म्हणाले की भरमानं खंडेनवमीला काम काढलं, म्हणून देवी कोपली. आता नवस बोला, कौल लावा, देवीच्या मनात असेल तर डोळा येईल. लोकांनी माना हलवल्या. मालुबाई चूल फुंकत होती. तिनं मान वर केली.

"देवी कोपली म्हंता, अण्णा. मग ज्यानं पहार दिली त्याच्यावर का न्हाय कोपली?"

मारुतीरावांनी पान तोंडात घातलं आणि उठून गेले. पण नागुबाईच्या मनात देवीचं भय बसलं होतं. कौल लावण्यात आणि नवस बोलण्यात अपघाताचा अकरावा दिवस मावळला. डावा डोळा सुजला, त्यातून पू येऊ लागला. मग मालुबाईनं कुणाला विचारलं नाही. शेजारच्या भावकूची बैलगाडी मागितली आणि नवऱ्याला बेळगावच्या दवाखान्यात न्यायला निघाली. नागुबाई गाडीला आडवी झाली नाही. एवढंच म्हणाली, "ने बाई. पर देवानं दिल्याला डोळा कापून घिऊ नगंस."

गाडीत बसताना भरमा म्हणाला, "हातात कायतरी दे गं." तिनं मला दिलं. माझ्या अंगावर कुंकू तसंच वाळलेलं होतं.

डॉक्टरांनी आधी ती करकचून बांधलेली पट्टी सोडली, आणि ते फार चिडून सांगू लागले. फुटलेला डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, रुतलेलं काही ओढायचं नाही. त्यावर एक वाटी पालथी घालायची, तिची कड कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल अशी, ती अलगद बांधायची आणि तडक दवाखाना गाठायचा. स्फोटाजवळ असलेल्याचा वरून धड दिसणारा डोळाही तपासून घ्यायचा, कारण धक्क्यानं आतला पडदा सुटतो. आणि मग ते सावकाश म्हणाले, डावा डोळा गेला आहे. तो तसाच ठेवला तर पाठोपाठ उजवाही जाण्याची भीती आहे. पंधरा दिवसांच्या आत काढला तर उजवा बहुतेक वाचतो.

तो बारावा दिवस होता.

सासूचं बोलणं मालुबाईच्या कानात घुमत होतं. भरमानं मला घट्ट धरलं, इतकं की ठासतानाही कधी धरलं नव्हतं.

"काढा, सायब," तो म्हणाला. "एक ऱ्हायला तर हिचं त्वांड तरी दिसंल."

"दोन व्हतं तवा कवा बगितलंस?" मालुबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

उजवा डोळा वाचला. भरमानं पुन्हा सुरुंग लावला नाही. त्या विहिरीला पाणी लागलं, आणि तिच्या काठावरच्या दगडात मारुतीरावांचं नाव कोरलेलं आहे. भरमाच्या डोळ्याचा तिथं पत्ता नाही.

पुढच्या खंडेनवमीला नागुबाईनं खुरपं, कोयता, नांगराचा फाळ पाटावर मांडला. मलाही उचललं. कुंकवाचं बोट माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं. म्हातारीनं ते बोट लुगड्याला पुसलं आणि मला लेकाच्या मांडीवर ठेवलं. "हिला नगं," म्हणाली. "ही हातात ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून खंडेनवमीला मी पूजेत नसते. भरमाच्या मांडीवर असते. बाकीचे दिवस चुलीपाशी.

मित्रांनो, ऑगस्टात स्वराज्याचा झेंडा चढला तेव्हा तुम्ही गल्लीत आपटबार उडवलेत, ते मी ऐकलं. आता दिवाळी आली. न फुटलेल्या फटाक्यावर वाकून बघू नका. कुणाच्या डोळ्याला लागलंच तर वाटी कशी पालथी घालायची ते लक्षात ठेवा, आणि देवाला काय विचारायचं ते वाटेत विचारा, गाडी चालू असताना. आणि घरात माझ्यासारखी जीव जपणारी एखादी वस्तू असेल तर तिला नुसतं कुंकू लावून पाटावर बसवू नका. घाई असेल, समोर मोठा माणूस उभा असेल, तेव्हा तर तिला आधी उचला.