खलाशाची बायको

गाडी चालू करण्याआधी दुकानदाराने चहाबाईच्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली, आतली डिंकाची बाटली काढली आणि तिच्यावरचं छापील लेबल नखाने खरवडायला लागला.

"अहो, काय करताय?" चहाबाईने विचारलं.

"शंभर वर्षांची वस्तू दुरुस्त करायला चाललोय आपण. आणि तुम्ही शाळेतल्या पोरांचा डिंक घेऊन निघालात!"

लेबल अर्धंच निघालं. उरलेलं त्याने थुंकी लावून घासलं, बाटली रुमालात गुंडाळली आणि पिशवी परत दिली.

"तिथे तोंड उघडायचं नाही. मी बोलेन, तुम्ही चिकटवा. ज्यांची वस्तू आहे त्या मॅडम एकट्याच असतात, पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. चष्म्याची भिंगं बघाल तर बाटलीचं बूड. काही दिसत नाही त्यांना, तेव्हा घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?" ती म्हणाली.

चहाबाई हे काही तिचं नाव नव्हे. दुकानातल्या माणसांनी ते ठेवलेलं, कारण रोज सकाळी ती दुकानावरच्या खोलीत पातेलंभर कोरा चहा उकळायची आणि त्यातला एक घोट कुणाच्या नशिबी यायचा नाही. सगळा कागदांना. पांढरे कागद त्यात बुडवायचे, दोरीवर चिमटे लावून वाळवायचे, वरून कोमट इस्त्री फिरवायची, की कालचा कागद कुणाच्या तरी पणजीच्या पेटीतून निघाल्यासारखा दिसायला लागतो. अशा कागदाची ती गोल चकती घेई, कडेपासून मधोमध अशी गोगलगाईच्या पाठीसारखी गोल गोल कापत नेई आणि ती लांब पट्टी गुंडाळत आली की बोटांच्या पेरांत गुलाब तयार. असे वीस-पंचवीस गुलाब, मागे कात्रीने कापलेली कागदी जाळी, भोवती लंबगोल लाकडी चौकट. घरात काहीतरी जुन्या धाटणीचं असावं असं लोकांना वाटतं, ते ती करून देत होती. त्यात लबाडी कसली?

लबाडी एक जिना उतरल्यावर सुरू व्हायची. तिच्या प्रत्येक चौकटीच्या मागे दुकानदार एक चिठ्ठी डकवायचा. एका खलाशाच्या तरुण बायकोने नवऱ्याच्या पत्रांची ही फुलं केली. खलाशी (सुरुवातीला तो सैनिक असायचा) परत आला नाही. वस्तू शंभर वर्षांपूर्वीची. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचून डोळे पुसत चौकट घरी न्यायचं.

त्या खलाशाच्या बायकोचा चहाबाईला भयंकर राग यायचा. कोण कुठली सटवी, जन्मालाही न आलेली, आणि हिच्या बोटांना कात्रीने घट्टे पाडून लोकांचे अश्रू ही फुकट घेणार! चिठ्ठी पहिल्यांदा वाचली त्याच दिवशी ती तणतणत खाली गेली होती.

"फुलं मी केलीत. माझं नाव लिहा."

"तुमचं नाव बघून कोण रडेल?" दुकानदार हसत म्हणाला होता. "बाई, वरची खोली मी तुम्हाला कशासाठी दिलीय? हवी ना खोली?"

हवी होती. फार हवी होती. घर भावाचं, दोन खोल्यांचं, आणि तिची खाट मधल्या बोळात. तिथे एकदा तिने कागद वाळत घातले होते, तर दादा कामावरून आला आणि ओला कागद सपकन त्याच्या कपाळाला चिकटला. दादाने तो सोलून परत दोरीवर टाकला. वहिनी मात्र म्हणाली, "वन्सं, हौस आहे ती ठीक, पण माणसांनी घरात वाकून चालायचं का?" वहिनीचंही चुकत नव्हतं. दुकानावरच्या खोलीत मात्र दोन खिडक्या होत्या, दाराएवढं लांब टेबल होतं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी. पन्नाशी उलटल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा दार लावून बसता येईल अशी जागा मिळाली होती. म्हणून ती मूग गिळून वर गेली.

पण गप्प बसणं काही तिच्या रक्तात नव्हतं. त्या दिवसापासून तिने एक उद्योग सुरू केला. चकती कापण्याआधी ती तिच्यावर गोल गोल, मुंगीएवढ्या अक्षरांत, टोकदार पेन्सिलीने लिहायची, मग त्या ओळींच्या मधून कात्री चालवायची आणि लिहिलेली बाजू आत जाईल असं फूल गुंडाळायची. आजची तारीख. नळाला पाणी नाही. गुडघा ठणकतोय. दादाचा वाढदिवस, कुणाच्याच लक्षात नाही. आणि शेवटी दर वेळी तेच: हे मी केलं. आज खलाशाच्या बायकोच्या नावाने गावभर भिंतींवर टांगलेली होती ती सगळी तिचीच रोजची रडगाणी, आणि ते आठवलं की ती एकटीच खुदकन हसायची.

आता हसू येत नव्हतं. मॅडमची चौकट खिळ्यावरून निसटून पडली होती आणि पाच फुलं सुटली होती. सुटलेलं फूल उलगडतं. उलगडलेलं फूल कुणी वाचलं तर?

मॅडमनी दार उघडलं. ठेंगण्या, काटक, केस कानाच्या वरपर्यंत कापलेले. चष्मा खरंच जाड होता. चौकट त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर, स्वच्छ पांढऱ्या कापडावर ठेवली होती.

"पडलेली फुलं आहेत ना?" दुकानदाराने आत येता येताच विचारलं.

"पाचही गळून गेली," मॅडम म्हणाल्या. "वयच ते. शंभर वर्षं म्हणजे काही कमी नव्हे."

"छे छे, कमी कसं? असू द्या, आमच्या बाई हुबेहूब करून देतील. फार जुनी दुरुस्ती करतात त्या."

जुनी दुरुस्ती म्हणजे काय ते त्याचं त्यालाच ठाऊक. चहाबाईचा जीव मात्र भांड्यात पडला. पाच फुलं गेली केराच्या टोपलीत, सुंठीवाचून खोकला गेला. तिने पिशवीतून कमी-जास्त रंगाचे चहाचे कागद काढले आणि एकेक चौकटीला लावून बघू लागली. गेल्या वर्षीचा रंग आता किंचित उतरला होता. चौकट तिला चांगली आठवत होती. डावीकडच्या कोपऱ्यातली जाळी कापताना तिची कात्री घसरली होती आणि तिथे तिने एक पान जास्तीचं लावलं होतं. ते पान अजून जागच्या जागी होतं. बघून तिला इतकं बरं वाटलं की ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

"तिथे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. पान आहे."

"एकाच कोपऱ्यात का?"

"खलाशाच्या बायकोची लहर," दुकानदार मध्येच म्हणाला. "नवऱ्याची आठवण येऊन हात थरथरला असेल बिचारीचा."

चहाबाईचं बोट थांबलं. हात थरथरला! चाळीस अंशांच्या उकाड्यात दोरीखाली उभं राहून, सुजलेला गुडघा स्टुलावर टेकवून कापलेली जाळी ती, आणि थरथरला कुणाचा, तर बिचारीचा!

मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. दुकानदाराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही या कामातल्या आहात, म्हणून तुम्हालाच विचारते. ही किती जुनी असेल?"

"मॅडम, चिठ्ठीत लिहिलंय की..."

"मी त्यांना विचारतेय."

दुकानदाराने मॅडमच्या पाठीमागून डोळे वटारले. खिशातून खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि हळूच एकदा वाजवला. एवढ्या आवाजानेही दोन खिडक्या, दाराएवढं टेबल आणि दोरी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मागोमाग बोळातली खाट. तिने कागद खाली ठेवला.

"एक वर्ष," ती म्हणाली. "मागच्या मार्चमधली आहे. मी केलीय."

"अहो बाई!" दुकानदार ओरडला आणि लगेच हसला. "मनावर घेऊ नका हं, मॅडम. हल्ली थोडं असंच होतं त्यांचं. दुरुस्त करता करता प्रत्येक वस्तू आपलीच वाटते त्यांना."

चहाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं नाव नाही दिलं ते नाही दिलं, आता वर वेडीही ठरवतोय! तिने चिमटा उचलला, चौकटीच्या मधोमध असलेला सगळ्यात मोठा गुलाब पकडला आणि खटकन उपटला. बुडाचा डिंक नखाने सोडवून तिने फूल उलटं फिरवलं. पट्टी लोंबत खाली आली. ती तिने मॅडमच्या हातात दिली.

"वाचा. आणि मोठ्याने वाचा, त्यांनाही ऐकू जाऊ दे."

मॅडमनी पट्टी नाकाजवळ धरली आणि न अडखळता वाचलं, "सतरा मार्च. काल सैनिक होता, आज मालकाने त्याचा खलाशी केला. उद्या विमान चालवील. गुडघा सुजलाय. हे मी केलं."

दुकानदाराच्या चेहऱ्याचा रंग पार उतरला.

"ही... ही चिठ्ठी यांनी आत्ता घातली असणार. हातचलाखी! मी डोळ्यांनी..."

मॅडम शांतपणे उठल्या, कपाटातून एक जाडजूड शब्दकोश काढला आणि टेबलावर उघडला. पानांमध्ये पाच पट्ट्या दाबून सरळ करून ठेवल्या होत्या. प्रत्येकीखाली पांढऱ्या कागदावर तोच मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवलेला होता.

"ह्यासुद्धा आत्ताच घातल्या का?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. मग चहाबाईकडे वळून म्हणाल्या, "दोन जागी ऱ्हस्वाचं दीर्घ झालंय, तेवढं सोडलं तर मजकूर चोख आहे. दादाचा वाढदिवस मग कुणाच्या लक्षात आला का?"

चहाबाईने शब्दकोशातल्या पट्टीवर बोट ठेवलं. कुणीतरी वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, उतरवून घेतलं होतं.

"तुम्हाला सगळं माहीत होतं?" ती कशीबशी म्हणाली. "मग विचारलंत कशाला?"

"फुलात लपून लिहिणारी बाई समोर बसून बोलते का, ते बघायचं होतं." मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. "मी चौतीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं सुधारली. पानंच्या पानं नव्याने लिहून दिली. नाव कुठे आलं नाही, आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही."

दुकानदाराला एव्हाना कंठ फुटला होता. मॅडमपुढे काही चालेना, म्हणून तो चहाबाईवर घसरला.

"खोली उद्याच्या उद्या रिकामी करायची! कळलं? एक कागद दिसता कामा नये मला तिथे."

"उद्या कशाला?" तिने कनवटीची किल्ली सोडली आणि टेबलावर आपटली. "संध्याकाळीच नेते सगळं. ही तुमची दुसरी किल्ली. आणि दोरीसुद्धा मी सोडून नेणार आहे, ती माझी आहे."

दुकानदाराने किल्ली उचलली. मॅडमनी चौकट उलटी करून मागची चिठ्ठी एका झटक्यात सोलून काढली आणि त्याच्या हातात दिली.

"चौकट मी परत करणार नाही. ही तेवढी घेऊन जा. तुमची आहे."

दार आपटल्याचा आवाज आला, मग गाडीचा. चहाबाई खुर्चीत बसून राहिली. आता परत बोळ. ओले कागद, दादाचं कपाळ, वहिनीची बोलणी. वहिनी तोंडाचा पट्टा सोडणार, आणि मग स्वतःच खिळा ठोकायला हातोडी आणून देणार, हेही तिला माहीत होतं. पण बोळाला दार नव्हतं. दोन खिडक्या होत्या हो त्या खोलीला.

"पाचाच्या सहा जागा केल्यात तुम्ही," मॅडम चौकटीकडे बघत म्हणाल्या. "त्या भरायच्या आहेत. पण आता लिहिलेली बाजू बाहेर येऊ दे."

"बाहेर?" तिने मनातल्या मनात पट्टी उलटी गुंडाळून पाहिली. "येईल की. नुसती उलट्या बाजूने धरायची." तिने चहाचा कागद पुढे ओढला, उजेडात धरला आणि परत ठेवून दिला. "मॅडम, पांढरा कागद आहे का? कोरा?"

"आहे. थांबा, रंगवायला चहा ठेवते."

"ठेवा," चहाबाई म्हणाली. "पण प्यायला."

मॅडम हसत आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. चहाबाईने पांढऱ्या कागदाची चकती कापली आणि टेबलावरचं मॅडमचं शाईचं पेन उचललं. आधी आजची तारीख घातली. मग मुंगीएवढं नाही, चांगलं ठसठशीत, कडेपासून मधोमधपर्यंत पुरेल असं, आपलं पूर्ण नाव लिहिलं.