गळत होतो मी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला, तेलाचा दाब सांगणारा सेन्सर आहे. आकाराने अक्रोडाएवढा. खाली पितळी आटे, वर पत्र्याची टोपी आणि टोपीवर जोडलेली एकच तार. इंजिन सुरू झालं की तेल माझ्या पोटातल्या पातळ पडद्याला ढकलायचं. त्याची खबर मी तारेतून समोरच्या तबकडीला द्यायचो आणि तिथला काटा वर चढायचा. काटा पडला तर गाडी ताबडतोब थांबवायची, नाहीतर इंजिन जळालंच म्हणून समजा. काम छोटं, पण जबाबदारीचं.

गाडी बाबांची होती. काटा वर चढल्याशिवाय ते गिअर टाकत नसत. "बघ, कसा ताठ उभा राहतो," असं ते मागे बसलेल्या मुलांना सांगायचे. कौतुक नेहमी काट्याचंच झालं. मी इंजिनाच्या पाठीमागे, अंधारात आणि उष्णतेत बसलेला. मला कोण विचारतो?

वय झालं तसा माझा पडदा थकला. टोपीच्या जोडातून तेल झिरपू लागलं. ते इंजिनाच्या पाठीवरून ओघळायचं आणि खाली, गिअरबॉक्सच्या जोडापाशी टपकायचं. माझं दुर्दैव असं, की जो तो वाकून खालीच पाहायचा. पहिल्या मेस्त्रीने वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. दुसऱ्याने तेलाच्या चेंबरचं बदललं. तिसऱ्याने गाडीखाली पडल्या पडल्याच निदान केलं: मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. त्याचं कोपर माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं आणि मी तेलाने न्हाऊन निघालो होतो. सबंध गाडीत खबर द्यायचं काम माझं, आणि स्वतःबद्दल चकार शब्द काढता येईना!

त्याच सुमारास बाबांचं ऑपरेशन ठरलं होतं. "दोघांना एकदम उघडायला नको, आधी माझा नंबर," असं ते हसत म्हणाले. तेव्हापासून गाडी जागची हलली नाही. ते रोज खाली येऊन तिला दोन मिनिटं सुरू करायचे, तेल टिपायला चाकांमध्ये ठेवलेला पुठ्ठा बदलायचे आणि वर जायचे. मग पुठ्ठा बदलायचा राहू लागला. मग बाबा गेले.

महिन्याभरात मोठ्या मुलाने, म्हणजे दादाने, गिऱ्हाईक आणलं. ते गाडी घेणार नव्हतं, सुटे भाग घेणार होतं. दादाचंही चूक नव्हतं. सामाईक फरशीवर तेल पसरत होतं आणि पहिल्या मजल्यावरचे काका रोज जिन्यात त्याला गाठत होते. पण धाकटी बहीण ऐकेना. रविवारी गिऱ्हाईक यायच्या आत गळती थांबली तर गाडी ठेवायची, एवढं तिने दादाकडून कबूल करून घेतलं.

तिने कोणालाच बोलावलं नाही. रॉकेलच्या फडक्याने इंजिन लख्ख पुसलं आणि आईच्या आरशासमोरचा पावडरचा डबा उचलून आणला.

"इंजिनाला पावडर?" आई जिन्यातून म्हणाली. "मी लग्नातसुद्धा एवढी थापली नव्हती."

धाकटीने ती इंजिनाच्या पाठीवर भुरभुरवली, गाडी सुरू केली आणि टॉर्च धरून वरूनच पाहत राहिली. थोड्या वेळात त्या पांढऱ्या पाठीवर काळी रेघ उमटली. ती टॉर्चने रेघेमागे वर वर गेली आणि माझ्यापाशी थांबली. इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणीतरी नीट पाहिलं.

नवा सेन्सर आला. मला पान्याने सोडवून मडगार्डवर फडक्यावर ठेवलं. आणि मग तिने नको ती काळजी घेतली. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप तिने नव्याच्या आट्यांना चांगली जाड गुंडाळली, पुन्हा थेंबही यायला नको म्हणून. गाडी सुरू झाली. काटा हललाच नाही. तिने घाईने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"आता पंपही गेला," दादा म्हणाला. "पुरे कर ना गं. किती दिवस त्याच्यात डोकं घालून बसणार आहेस?"

मी मडगार्डवर तडफडत होतो. अगं, आम्हाला तार एकच! विजेची परतीची वाट आमच्या आट्यांमधून, इंजिनाच्या लोखंडातून जाते. तीच तू टेपने बुजवलीस!

संतापून तिने नव्याला उपटून काढलं आणि फडक्यावर माझ्या शेजारी आदळलं. मग हात पुसता पुसता ती थबकली. त्याचे आटे पांढरे, माझे उघडे. माझ्या गळ्यात फक्त एक तांब्याचा वॉशर. तिने मला उचललं, माझ्या तारेची जागा पाहिली, आटे पाहिले. "अर्थिंग," ती स्वतःशीच म्हणाली.

टेप खरवडून निघाली, नवा तांब्याचा वॉशर बसला आणि काटा चढला. रविवारी सकाळी दादाने फरशीवर हात फिरवून पाहिला. हात कोरडा होता. त्याने तिथेच उभ्या उभ्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

मग आई खाली आली. काय बिघडलं होतं ते दाखव, म्हणाली. धाकटीने मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"एवढंसंच होतं?"

"हो."

आई मला उलटसुलट करून पाहत राहिली. "मग त्यांना कोणी का नाही सांगितलं?"

धाकटी फडक्याने पावडरचा डबा पुसू लागली. उत्तर माझ्याकडे होतं, पण तार जोडलेली असतानाही मला ते बोलता आलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरात काही गळत असेल, कुरकुरत असेल, तर थेंब पडतो तिथेच पाहून परत फिरू नका. आधी सगळं स्वच्छ पुसा आणि मग ओघळाचा माग काढत वर जा. ते वेळेवर करा. आणि ज्याची ती वस्तू आहे तो माणूस हसून "राहू दे आता" म्हणाला, तरी राहू देऊ नका.