पुढच्या चाकाला तेल

मार्तंड दिघ्यांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर गाढ विश्वास होता. कुरकुरणाऱ्या वस्तूला तेल घालावं आणि कुरकुरणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करावं. विमा कंपनीतली सगळी नोकरी त्यांनी याच दोन सूत्रांवर रेटली आणि निवृत्त होऊन बोरिवलीच्या घरात बसल्यावरही ती सोडली नाहीत. दरवाजाच्या बिजागऱ्या, खिडक्यांच्या कड्या, बायकोचं, शुभाताईंचं, शिलाई मशीन, सगळ्यांवर त्यांची तेलाची धार फिरायची. यंदाच्या दसऱ्याला ती सुनेच्या सायकलवर फिरली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

ही सायकल ऋता लग्नातच घेऊन आली होती. दागिन्यांचा डबा एकीकडे आणि सायकल दुसरीकडे. दर रविवारी पहाटे हेल्मेट घालून ती बाहेर पडायची. मार्व्याच्या धक्क्यावर सगळा ग्रुप जमायचा, सायकलींसकट फेरीबोटीतून मनोरीला उतरायचा आणि उन्हं चढायच्या आत परतायचा. मार्तंडरावांना हे मुळीच पसंत नव्हतं. "घरातल्या सुनेनं सुट्टीच्या दिवशी गावभर हिंडायचं, आणि आम्ही चहा आपला आपण करून घ्यायचा," असं ते शुभाताईंना ऐकवत, तेही ऋताला ऐकू जाईल अशा बेताने. बाल्कनीतल्या त्या सायकलला त्यांनी कधी हात लावला नाही. एकदा लावला, तोही तिच्यावर ओला पंचा वाळत घालण्यासाठी.

पण पोरगी वस्ताद. ती मनोरीहून येताना कधी सुका जवळा आणायची, कधी बोंबील, आणि काही न बोलता ओट्यावर ठेवायची. जवळ्याची चटणी ताटात आली की मार्तंडरावांचा रविवारचा राग भाकरीच्या दुसऱ्या चतकोराला निवलेला असायचा. असे दोन पावसाळे गेले. या नाताळच्या सुट्टीत ग्रुप कोकण किनाऱ्याने चार दिवस सायकली मारत जाणार होता, आणि सगळ्यांच्या पुढे राहून त्यांना नेण्यासाठी ऋताची निवड झाली होती. ग्रुपमध्ये आजवर हा मान कुठल्या बाईला मिळाला नव्हता. हे कळलं त्या दिवशी मार्तंडराव सोसायटीच्या बाकावर तीन जणांना सांगून आले. घरात मात्र म्हणाले, "हं. जपून."

दसऱ्याला त्यांनी ठरवलं की यंदा सायकलची पूजा आपण करायची. तोंडाने कौतुक करायची सवय नसलेल्या माणसाला सण बरे पडतात. ऋता अंघोळीला गेली तशी त्यांनी सायकल पुसली, हँडलला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. मग चाक फिरवून बघितलं तर पुढच्या चाकाशी बारीक कुईंकुईं आवाज. चाकाच्या मध्याजवळ एक चकचकीत पोलादी चकती होती, आवाज तिथून येत होता. मार्तंडरावांना कोण आनंद झाला! शुभाताईंच्या मशीनची तेलाची बुधली आणून त्यांनी चकतीला मनसोक्त तेल पाजलं आणि फडक्याने आरशासारखी चमकवली. आवाज बंद.

ऋता बाहेर आली आणि बघतच राहिली. "बाबा, तुम्ही केलंत हे?" तिचे डोळे भरून आले. तिने त्यांचा सायकलसोबत फोटो काढून ग्रुपवर टाकला. दिवसभर त्यावर बदाम येत होते आणि दर बदामागणिक मार्तंडराव चष्मा पुसून बघत होते.

ती चकती म्हणजे ब्रेक होता, हे त्यांना त्यानंतरच्या रविवारी कळलं.

सपाट रस्त्यावर मागच्या ब्रेकवर भागलं होतं, पण मनोरीच्या पुढच्या एका उतारावर समोर म्हातारी कोळीण आली. ऋताने ब्रेक दाबला, पुढचं चाक थांबेना. म्हातारीला वाचवायला तिने सायकल बाजूला घातली ती थेट बोंबील सुकवायच्या बांबूंवर. मनगट मोडलं. दुपारी ती प्लॅस्टर घालूनच घरी आली, बरोबर ग्रुपचे म्होरके विद्याधर.

"डिस्कवर तेल होतं," विद्याधर सोफ्यावर बसत म्हणाले. "तिथे बोटसुद्धा लावायचं नसतं हो काका. नवशिकी पोरं करतात असली चूक. ऋताकडून ही अपेक्षा नव्हती."

मार्तंडरावांना दसऱ्याची बुधली आठवली. त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मुलगा बोलला. मुकुल बायकोच्या काळजीने आधीच पेटला होता. "चेनला तेल घालताना उडवलं असणार हिने! घाई, सगळ्यात घाई. पुरे झालं आता, विकून टाकू ती सायकल."

ऋताने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. मग म्हणाली, "उडालं असेल."

मार्तंडरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. खोटं बोलायलाही लागलं नाही, नुसतं गप्प राहिलं की झालं. आणि एकदा गिळलेलं खरं दुसऱ्या दिवशी बाहेर काढणं अधिकच कठीण, हे ज्याने गिळलंय त्यालाच ठाऊक. सोमवारी सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला. विद्याधरचा फोन आला की कोकणात आता पुढे चैतन्य राहील. "ब्रेक तपासायचं जिला सुचत नाही तिच्या मागे वीस जण कसे पाठवायचे?" ऋता "बरोबर आहे" म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ बाल्कनीत उभी राहिली. मार्तंडराव तेव्हा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर समोर धरून बसले होते.

चोराच्या मनात चांदणं. बुधली सापडली तर बिंग फुटेल म्हणून त्यांनी ती तुळशीच्या कुंडीमागे लपवली. शुभाताई दिवाळीचे पडदे शिवायला बसल्या आणि घर पालथं घातलं. "अहो, माझी तेलाची बुधली बघितलीत का?"

"मला काय माहीत तुझी बुधली?" मार्तंडराव खेकसले. हाताखाली चाळीस माणसं वागवलेला अधिकारी, आणि कुंडीमागे बुधली लपवतो! त्यांना स्वतःची किळस आली. ती किळस लपवायला मग ते सुनेची सरबराई करू लागले. तिला डाळिंब सोलून द्यायचे, पाण्याचा तांब्या हातात द्यायचे, रोज सकाळी न चुकता विचारायचे, "हात कसा आहे गं?"

"बरा आहे," ती म्हणायची आणि डाव्या हाताने झाडांना पाणी घालायला निघून जायची. एका हाताने होण्यासारखं तेवढंच काम घरात होतं.

दिवाळीत ग्रुप फराळाला आला. त्यांचा रिवाज असा की दरवर्षी एकाच्या घरी जमायचं आणि भेट म्हणून सायकलस्वाराच्या उपयोगाचंच काहीतरी आणायचं. सुक्या मेव्याचे डबे आणि सोनपापडी यांना सक्त बंदी. यंदा पाळी दिघ्यांची होती. हॉल भरून गेला, चकल्यांचा फडशा पडला, भेटी उघडल्या जाऊ लागल्या. कुणाला अंधारात लुकलुकणारा मागचा दिवा, कुणाला बोटं उघडी असलेले हातमोजे, चैतन्यला जुन्या पद्धतीची पितळी घंटी. ती तो उगाचच वाजवत सुटला. गंधालीने सगळ्यांसाठी घरी शिवलेल्या, सीटखाली अडकवायच्या पिशव्या आणल्या होत्या.

"आता ऋतासाठी खास!" विद्याधर उभे राहिले. सोनेरी कागदातून निघाली तेलाची एक बाटली. तिला लाल रिबीन, आणि वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: 'फक्त चेनसाठी'.

हॉल हशाने दणाणला. "यार, उलट्या बाजूला 'ब्रेकला नाही' असं पण लिहा, नाहीतर परत बोंबील!" चैतन्य ओरडला. मुकुलही हसला. ऋताने बाटली डाव्या हातात उंच धरून सगळ्यांना दाखवली, स्वतःही हसली. कान मात्र लालभडक झाले होते.

मार्तंडराव कोपऱ्यातल्या खुर्चीत करंजी हातात घेऊन बसले होते. आता, त्यांनी स्वतःला सांगितलं. आता उठ. चार शब्दांचं काम आहे. त्यांच्या पायांनी ऐकलं नाही. विद्याधर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "काय काका, बरोबर की नाही भेट?" आणि मार्तंडराव हसले. गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण ते चक्क हसले, मान डोलावली. करंजीचं सारण त्यांच्या लेंग्यावर सांडलं.

मंडळी गेली. मुकुल आणि शुभाताई त्यांना सोडायला खाली उतरले. ऋता स्वयंपाकघरात एका हाताने बशा गोळा करत होती. मार्तंडराव दारात जाऊन उभे राहिले.

"ऋता, ते तेल मी घातलं होतं. दसऱ्याला. मला माहीत नव्हतं गं, ब्रेक आहे ते."

ऋताने बशी खाली ठेवली. "मला माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे?"

"तुळशीला पाणी घालते ना मी रोज. बुधली दिसली पहिल्याच आठवड्यात."

म्हणजे इतके दिवस! डाळिंबाचा प्रत्येक दाणा तिने ते माहीत असताना खाल्ला होता. 'हात कसा आहे' या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देताना तिला सगळं दिसत होतं. मार्तंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सासऱ्यांनी प्रेमानं पूजा केली आणि ही बया त्यांच्यावरच ढकलते, असं म्हणाले असते सगळे." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि मी सांगायचंच नव्हतं, बाबा. तुम्ही सांगायचं होतं. मी वाट बघत होते. मघाशी सुद्धा, ती बाटली धरून उभी होते ना, तेव्हा तुमच्याकडेच बघत होते."

"मी... आत्ता सांगितलं ना."

"हो. सगळे गेल्यावर."

तिने नळ सोडला. मार्तंडराव दारातून बाजूला झाले.

रविवारी उजाडायच्या आत त्यांनी रिक्षा केली आणि मार्व्याचा धक्का गाठला. खिशात ती रिबीनवाली बाटली होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. फेरीबोट यायची होती. ग्रुप सायकली टेकवून चहा पीत उभा होता. पायजमा-झब्ब्यातले काका बघून सगळे चकित झाले.

मार्तंडरावांनी बाटली वर काढली. रिक्षात पाठ केलेलं सगळं विसरलं. "ही भेट माझी आहे," ते म्हणाले. "ऋताच्या ब्रेकला तेल मी घातलं. दसऱ्याला. कुरकुरत होता म्हणून. तिची काही चूक नाही. मी गप्प बसलो, दिवाळीत तुमच्याबरोबर हसलोसुद्धा. मला लाज वाटते." डोळे मिटून ते पुढच्या बोलण्याची वाट बघत राहिले. चांगलं खडसावतील, खडसावायलाच हवं.

पण चैतन्य फिसकन हसला. "काका! तुम्ही पूजेत ब्रेकला तेल पाजलंत? झकास!"

आणि सगळे हसले, अगदी मायेने. विद्याधरनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "अहो एवढं काय मनाला लावून घेता? तुम्ही भक्तिभावानं केलंत. चहा घ्या आधी." कुणीतरी म्हणालं, किती गोड आहेत ना हे! कुणी फोटो काढायला मोबाइल वर केला. कुणीतरी गरम ग्लास हातात दिला. गंधाली तेवढी हसली नाही, ती चपलेने वाळू उकरत होती.

मार्तंडराव ग्लास धरून उभे राहिले. सुनेने केली तर हलगर्जी, सासऱ्याने केली तर भाबडेपणा. चूक तीच, चाक तेच. तिला इतके दिवस जे मिळालं नाही ते त्यांना चहा निवायच्या आत मिळालं होतं.

"कोकणात पुढे तीच राहील ना मग?" त्यांनी विचारलं.

विद्याधर जरा चाचरले. "बघू ना काका. म्हणजे आता चैतन्यला शब्द दिलाय..."

"बघू काय? तिला फोन करा. हसलात ना तिला? मग आता माफी मागा." मार्तंडरावांचा ऑफिसातला आवाज बऱ्याच वर्षांनी निघाला होता. चहा तसाच ठेवून ते रिक्षाकडे वळले. मागे कुणी हसलं नाही. आश्वासनही कुणी दिलं नाही.

घरी आले तेव्हा ऋता बाल्कनीत होती. विकायची म्हणून पुसून ठेवलेल्या सायकलशेजारी उभी राहून ती तुळशीला पाणी घालत होती. त्यांच्या चपलांना लागलेली वाळू तिने बघितली आणि सगळं ओळखलं.

"सांगितलंत?"

"हो. सगळ्यांसमोर."

"काय म्हणाले?"

मार्तंडराव स्टुलावर बसले. बाटली अजून हातातच होती. "हसले."

"मलाही हसले होते," ऋता म्हणाली.

मार्तंडरावांनी मान खाली घातली. "नाही गं," ते म्हणाले. "मला तसं नाही हसले."